घोयरा, शामा आणि आमचे मामा

जगात एकटी म्हणून एकही वस्तू नाही, प्रत्येकीचा जोडीदार कुठे ना कुठे उभा आहे आणि तो शोधून काढण्याचं काम देवानं नेमकं आपल्याच गळ्यात घातलं आहे, अशी आमच्या मामांची खात्री होती. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. राहणार कोल्हार, प्रवरेच्या काठी. धंदा विचाराल तर शेतीचा; पण शेती गडी बघत आणि मामा बैल बघत, तेही दुसऱ्यांचे. आसपास कुणाचा एक बैल दगावला, विकला गेला किंवा पायानं अधू झाला, की उरलेल्याला जोड मिळवून देण्यासाठी मामांना बोलावणं येई. राहुरीपासून कोपरगावापर्यंतच्या गोठ्यांतून मामांनी लावून दिलेल्या जोड्या रवंथ करत बसलेल्या असत, आणि त्या रस्त्यानं जाताना मामा त्यांच्याकडे असे बघत, जसं एखाद्या बाईनं आपण ठरवलेल्या लग्नांतल्या पोराबाळांकडे बघावं.

जोडी लावण्याची त्यांची रीतही जगावेगळी होती. बाजारातले इतर जाणकार शिंगं बघत, उंची बघत, दात मोजत, शेपटीचा गोंडा हातात धरून मान हलवत. मामाही हे सगळं बघत, पण दारात आलेल्या पाहुण्याची चप्पल बघावी इतपतच. मग ते दोन माणसांच्या हाती एकेक बैल देत आणि जू न घालता दोघांना शेजारी शेजारी रस्त्यानं चालवायला सांगत. स्वतः मागून चालत, हात पाठीमागं बांधून आणि डोळे घट्ट मिटून. मध्येच हात वर करत. लोक ओरडून बैलवाल्यांना थांबवत. पुन्हा चालणं, पुन्हा हात, पुन्हा थांबणं. असं मनासारखं ऐकून झालं की डोळे उघडून ते एक तर "जमलं" म्हणत, नाही तर "न्हाई जमत." तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता आणि निकालावर अपीलही नव्हतं. एकदा राहात्याकडच्या एका शेतकऱ्यानं धीर करून विचारलं, "मामा, चाल तर सारखी हाय की दोघांची." मामांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "चालत्यात समदीच. थांबत्यात कशी, त्ये ऐकायचं. एक थांबला आन दुसऱ्याचं एक पाऊल म्होरं गेलं, की पयल्याच्या मानंला जू कापतं. जलमभर कापतं." मेहनताना म्हणून ते फक्त नारळ घेत, आणि तोही वाटेतल्या देवळात फोडून निम्मा बैलांना चारत.

हे बैलांपुरतं राहिलं असतं तर मामा गावाला नुसतेच थोर वाटले असते. पण मामांना दोन वस्तू शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुठलीच वस्तू दिसत नसे. कोपरगावला गेले तर येताना तांब्यात गोदावरीचं पाणी घेऊन येत, घरी प्रवरेच्या पाण्याशेजारी ठेवत, दोन्हींचे घोट आळीपाळीनं घेत आणि आलेल्या-गेलेल्यालाही घ्यायला लावत. कपाशी न जुळणारी बशी आली तर चहा गार होईपर्यंत त्या दोघांच्या विसंवादावर बोलत. माझ्या थोरल्या भावाची आणि माझी तुलना त्यांनी आमच्या लहानपणापासून चालवली होती: "थोरला चालतो झ्याक, पर थांबत न्हाई. धाकला थांबतो झ्याक, पर चालंल तवा." एकदा तर एका सोयऱ्यानं त्यांना मुलगी बघायला बरोबर नेलं, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मामांनी मुलाला आणि मुलीला अंगणात शेजारी शेजारी चालवायची सूचना केली. मुलीच्या बापानं पोह्यांच्या बशा उचलायला सांगितल्या. ते लग्न झालं नाही, आणि मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले की पोरगी थांबायला फार चांगली होती, दारातनंच ऐकू आलं.

आता अशा माणसाची स्वतःची जोडी कशी असेल, हा प्रश्न कुणालाही पडावा. मामा चालत तेव्हा धोतराचा सोगा मागं राही. बोलणं त्याहून जलद. सकाळी तोंड धुताना सुरू झालेलं वाक्य दुपारी जेवताना संपे. आत्या याच्या अगदी उलट. ती इतकी सावकाश चाले की कोंबड्या तिच्यापुढून बाजूला होत नसत, आणि बोले तर इतकं थोडं, की ती घरात आहे की नाही हे कळायला चुलीकडे बघावं लागे. यावरून मामांचा एक ठरलेला विनोद होता. बाजारात कुणी म्हणालं, "मामा, तुमची जोडी कुनी लावली?" की मामा म्हणत, "आमची न बघता आनलेली हाय. मागनं चालायला मला कुनी बोलावलंच न्हाई." लोक हसत. मामाही हसत. हा विनोद त्यांनी आत्याच्या देखतसुद्धा इतक्या वेळा केला होता की तो आता घरातल्या पाटा-वरवंट्यासारखा झाला होता. तो तिथं आहे याकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

लढाईची ती वर्षं. मी तेव्हा नगरला एका शाळेत सृष्टिविज्ञान शिकवत होतो आणि बहुतेक शनिवारी कोल्हारला जात होतो. पेट्रोल मिळत नसे म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. राहुरीला मोटार थांबे, ड्रायव्हर मागची शेगडी ढवळी, आणि उतारू काळी तोंडं घेऊन पुढच्या प्रवासाला लागत. अशाच एका शनिवारी मी पोहोचलो तर मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाभोवती माणसं जमलेली. झाडावर घोयरा दिसला होता. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा, डुलत डुलत चालणारा मोठा सरडा. आमच्या भागात त्याची भारी धास्ती. त्याचा फुत्कार अंगाला लागला तर माणूस वाळत जातो म्हणतात. गड्यानं काठी आणली होती. आणि काय आश्चर्य, कधी आवाज न चढवणारी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, काठी आणि झाड यांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "त्येला हात लावायचा न्हाई. त्यो काय मागतोय तुमच्याजवळ?" गड्यानं काठी खाली ठेवली. आत्या आत गेली. पुढं रोज दुपारी आवराआवर झाली की ती डाळिंबाखाली धान्य निवडायला बसू लागली, आणि दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता तास न् तास मजेत घालवू लागली.

त्याच सुमारास गावातल्या तांबोळ्याचा थोरला मुलगा रजेवर आला. तो पलटणीत लॉरी चालवायचा आणि त्याची पलटण होती सिलोनला. तिथून त्यानं एक गाणारा पक्षी आणला, बोटीतून आणि आगगाडीतून, पिंजऱ्यावर आपला खाकी शर्ट पांघरून. त्याचं नाव शामा. अंग काळंभोर, पोट विटकरी, शेपूट अंगाहून लांब. परत जाताना पोरगा पिंजरा घेऊन मामांकडे आला. "काका, घरात मांजर हाय आन अम्मीला दिसत न्हाई नीट. लढाई सरस्तवर सांभाळा. लई ग्वाड गातो. मी आलो की घीन." मामांनी शब्द दिला. पिंजरा पुढच्या ओसरीवर टांगला. आणि शामा गायचा म्हणून सगळं घर कान देऊन बसलं, तर तो दांडीवर इकडून तिकडे उड्या मारी, शेपूट हलवी, आणि चोचीतून हूं की चूं काढत नसे.

झालं. मामांच्या घरात मागच्या दारी एक एकटा जीव, पुढच्या दारी दुसरा एकटा जीव. मामांना झोप कशी यावी? त्यांनी दोघांना शेजारी ठेवून बघायला घेतलं. पिंजरा उचलून मागच्या अंगणात आणायचा, डाळिंबापासून चार हात अंतरावर ठेवायचा आणि मधोमध उकिडवं बसायचं. मी गेलो की मला दुसऱ्या बाजूला बसवत. "ह्यो बघ. ह्यो एक पाऊल टाकतो, मंग झुलतो, मंग इचार करतो, आन त्येच पाऊल माघारी घेतो. आन त्यो बघ, नुसत्या उड्या. ह्येचा एक डोळा नगरला, एक मनमाडला. त्येचे दोन्ही डोळे माझ्याकडं, नाकतोडा आनला का म्हनून. ह्येला रंग इचारला तर म्हनतो, कोनच्या वक्ताचा? त्येचा जलमाला आला त्योच रंग." मी सृष्टिविज्ञानाचा मास्तर. मी आपलं सांगितलं की मामा, हा सरपटणारा, तो पक्षी. याचं रक्त थंड, त्याचं गरम. याच्या अंगावर खवले, त्याच्या अंगावर पिसं. मुळात यांची तुलनाच होत नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी एकाला थंडी वाजती, एकाला न्हाई. बरं, फुडं?"

दोघांत एकच गोष्ट सारखी निघाली, ती म्हणजे खाणं. दोघांनाही नाकतोडे लागत. त्या वर्षी मामांनी नारळ बंद केला आणि जोडी लावायच्या बदल्यात नाकतोडे घ्यायला सुरुवात केली. चांगले भारदस्त शेतकरी, मोठाली पागोटी घातलेले, पळसाच्या पानाची पुडी कानाशी धरून आतली फडफड ऐकत अंगणात येत. शामा नाकतोडा बघून आधी चार उड्या मारी, मग दांडीवर आपटून आपटून खाई. घोयरा मात्र हललाच नाही असं वाटे, आणि नाकतोडा नाहीसा झालेला असे. ती त्याची लांब जीभ कधी सुटते आणि कधी आत जाते, हे मामांना एकदाही दिसलं नाही, कारण त्या क्षणी ते नेहमी काहीतरी सांगत असत. आत्याला ती दर वेळेला दिसे. मामा विचारत, "खाल्ला व्हय?" आत्या सुपातून मान वर न करता म्हणे, "मगाशीच."

बऱ्याच शनिवारांनंतर मामांनी निकाल दिला. अंगणात उभं राहून, बाजारात देत तसाच. "न्हाई जमत. वैरण एक हाय खरं, पर वैरण तर समद्या गावाच्या बैलांची एकच असती. चाल येगळी, बोली येगळी, नजर येगळी. असली जोडी एका फांदीवर दिस काढायची न्हाई." आणि हात झटकून ते कुणाचे तरी बैल बघायला निघून गेले. आत्या गहू निवडत होती. मी जायला उठलो, तेव्हा ती गव्हाशी बोलल्यासारखं म्हणाली, "आमच्या जोडीला बी त्ये असंच म्हनत्यात. बाजारात. तुला ठावं असंल." मी काहीतरी सारवासारव केली, थट्टा असते म्हणालो. "व्हय," आत्या म्हणाली, "थट्टाच. पर हसायला तरी दुसऱ्याची जोडी घ्यावी मानसानं." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या विनोदाला हसत आलो होतो आणि जू कुणाच्या मानेला कापतंय हे बघितलं नव्हतं.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी सहज ग्रंथालयातलं प्राण्यांचं जुनं पुस्तक काढलं. त्यात आपल्या घोयऱ्याचं चित्र होतं आणि खाली शास्त्रातलं नाव होतं. त्या नावात सिलोन बेटाचं नाव होतं. कुणा जुन्या पंडितानं त्याला सिलोनचा म्हणून नोंदवलं, आणि डाळिंबावर बसून तो ते नाव मिरवत होता. पुढच्या शनिवारी मी हे मामांना सांगितलं. मामा गप्प झाले. मामा गप्प होणं ही गोष्ट इतकी नवी होती, की आत्या दारात येऊन बघून गेली. "म्हंजी ह्येंचं म्हायेर एकच," ते शेवटी म्हणाले. मी म्हटलं, माहेर म्हणजे तसं नव्हे, हा घोयरा इथलाच, नुसतं नाव तिकडचं. पण मामांच्या कानावर ते गेलं नाही.

आणि त्यातच दुसरी गोष्ट घडली. ओसरी सारवायची म्हणून आत्यानं पिंजरा उचलला आणि डाळिंबाच्याच फांदीला टांगून ठेवला, घोयऱ्याच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर. संध्याकाळी ऊन उतरलं आणि शामा गायला लागला. मी तेव्हा तिथं होतो म्हणून सांगतो, तसं गाणं मी आधी ऐकलं नव्हतं. भरदार, सावकाश सुरू होणारं आणि मध्येच वळून दुसरीकडे जाणारं. घोयरा जागचा हलला नाही. फक्त त्याचा एक डोळा फिरून पिंजऱ्याकडे आला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या डोळ्यानं तो नाकतोडे बघत होता. मामा उंबऱ्यावर तसेच बसले. आत्याला म्हणाले, "ह्ये कसं गं झालं?" आत्या म्हणाली, "वसरीवर ऊन लागतं त्येला. हितं सावली हाय." पण मामांना सावलीचं कारण पटलं नाही. आपला निकाल पहिल्यांदाच चुकला, आणि चुकला तो असल्या विजोड जोडीबाबत, हे त्यांच्या मनात शिरलं. त्या दिवसापासून बाजारात कुणी तो जुना प्रश्न विचारला, तर मामा नुसतंच हूं म्हणायला लागले.

लढाई संपली. पलटणी मोडल्या. तांबोळ्याचा मुलगा परत आला आणि त्याला कोपरगावकडे साखर कारखान्यात लॉरीवर काम मिळालं. आईला घेऊन तो तिकडे राहायला जाणार होता. शामा नेण्याबद्दल तो संकोचानं बोलला, पण मामांनी शब्द दिलेला होता. "आमी आनून देतो," ते म्हणाले. नेमका तो शनिवार होता. तांबोळ्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीकडे. मामांनी पिंजरा घेतला. आत्यानं नाकतोड्यांची पुडी घेतली. अंगणातून बाहेर पडताना मामा माझ्याजवळ आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं, हेही मी प्रथमच बघत होतो. "तू आमच्या मागनं चाल," ते हळूच म्हणाले. "डोळं मीट. पडू नगंस, पर मीट. आन ऐक. मला आमच्या मागनं चालता येत न्हाई न्हवं. मंग सांग मला, काय ऐकलंस त्ये. खरं सांग."

मी डोळे मिटले. माझ्यावर कधी इतकी जबाबदारी आली नव्हती. पुढं मामांच्या वहाणांची करकर, आणि तिच्या शेजारी आत्याच्या जोडव्यांचा दगडावरचा बारीक आवाज. चाल अगदी वेगळी. करकर दोनदा व्हायची तेव्हा जोडवं एकदा वाजायचं. मामा बोलत होते, शामाला कोपरगावचं पाणी मानवेल का, तिकडे उसात नाकतोडे कसे असतील. हे जमत नाही असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आणि मग मामा थांबले. त्यांची ती सवयच होती. महत्त्वाचं काही सांगायचं झालं की त्यांना चालता येत नसे. वहाण थांबली आणि त्याच क्षणी जोडवंही थांबलं. एक पाऊलही पुढं गेलं नाही. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं, पण हे वाक्य मामांना थांबवणार हे तिला वहाणेइतकंच आधी कळलं होतं. पुन्हा निघाले. पुढच्या चढावर जोडव्याचा आवाज बंद झाला. आत्याला दम लागला असावा. मामा अगदी बोलण्याच्या भरात होते, तोंड पुढं, आवाज पुढं, पण वहाण थांबली. बोलणं चालूच राहिलं. आपण थांबलोय हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. तांबोळ्याच्या दारापर्यंत असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. माझे डोळे मिटलेलेच होते, तरी भरून आले.

पिंजरा दिला. पोरानं मामांच्या पायाला हात लावला. शामा एवढीशी शीळ घालून गप्प झाला. परत येताना मामांनी माझ्याकडे बघितलं, बाजारातला शेतकरी त्यांच्याकडे बघे तसं. मी म्हणालो, "जमलं."

मामांनी मान खाली घातली. आत्या आमच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. मागून कुणी डोळे मिटून चालत असेल तर बैलालाही कळतं. ती म्हणाली, "त्येला कशाला चालवलंत ठेचकाळत? मला इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?" मामा म्हणाले, "तू कवा बोलतीस?" आत्या म्हणाली, "तुमी कवा इचारलंत?" आणि दोघं घराकडे निघाली.

तो विनोद मामांनी पुन्हा केला नाही. त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. मी अजून कोल्हारला जातो. मोटारी आता पेट्रोलवर चालतात आणि राहुरीला तोंड काळं होत नाही. डाळिंबावर घोयरा असतो, तोच की त्याच्या पोरांपैकी कुणी, सांगता येत नाही. शामा टांगायची ती फांदी आत्या कुणाला छाटू देत नाही. संध्याकाळी ती देवळाला निघते, मी मागून चालतो. बायकांनी सांगूनही मामांच्या मागं तिनं जोडवी उतरवली नाहीत; आता एकटं जोडवंच वाजतं. ते वाजता वाजता मध्येच, चढ नसतो, दगड नसतो, कुणी हाक मारलेली नसते, अशा जागी थांबतं. मीही थांबतो. तिला कारण विचारत नाही. मामांचं वाक्य पुरं होण्याइतका वेळ ती तिथं उभी राहते, आणि मग आम्ही पुढं चालू लागतो.